बिशपच्या पोटातलं

रोलांदने पळी काहिलीत बुडवली, वर काढली आणि खिडकीच्या उजेडात आडवी धरली. पाकाचे दोन थेंब पळीच्या कडेने ओघळत आले, एकमेकांना चिकटले, पण पडदा काही धरेनात. अजून वेळ होता. तिने पळी खाडकन कठड्यावर आपटली, चुलाणाचं लोखंडी दार बुटाने उघडलं आणि आत दोन ओंडके असे भिरकावले, की पलीकडे पाकाचे डबे पुसत बसलेली मुरिएल दचकली.

"ओंडक्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"ओंडक्यांनी नाही मारलं," रोलांद म्हणाली.

मुरिएल ही रोलांदच्या धाकट्या भावाची, रेजिसची बायको. एरवी ती गावाबाहेरच्या खिडक्यांच्या कारखान्यात कामाला जायची, पण मेपलच्या झाडांना रस सुटायला लागला की महिना-दीड महिना रजा काढून पोमर्लो घराण्याच्या गुऱ्हाळात यायची. यायची डबे पुसायला. पण गेली दोन वर्षं तिचं इथलं खरं काम निराळंच होऊन बसलं होतं. बहीण-भाऊ एका छपराखाली, एकाच काहिलीवर राबायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. जे काय बोलायचं ते मुरिएलला सांगायचं आणि मुरिएलने पुढे सांगायचं. मग तिघं हाताच्या अंतरावर का उभी असेनात.

दार करकरलं आणि रेजिस आत आला. सत्तेचाळीस वर्षांचा आडदांड गडी, खांद्यांवर ओला बर्फ. बहिणीकडे न बघता त्याने डोक्यावरची टोपी मात्र काढली. गुऱ्हाळात टोपी घालायची नाही, हा बापाचा नियम.

"मुरिएल, तुझ्या नणंदेला सांग, बिशप पाडावा लागतोय. आत्ताच. रात्रीच्या वाऱ्याने मोठी फांदी फाटलीये आणि सगळं झाड छपराकडे झुकलंय. मघापासून बुंधा करकरतोय."

रोलांदचा हात काहिलीवर थांबला. वाफ तिच्या तोंडावर येत होती, पण ती बाजूला झाली नाही.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ती म्हणाली, "वाऱ्यावर घालू नकोस म्हणावं. धडधाकट झाड वाऱ्याला भीक घालत नाही. आधी झाड मारायचं आणि मग वाऱ्याच्या नावाने गळा काढायचा. चोराच्या उलट्या बोंबा!"

"झालं सुरू," मुरिएल डब्याला म्हणाली.

बिशप म्हणजे गुऱ्हाळामागच्या उतारावरचा सगळ्यात जुना मेपल. दोघांनी हात पसरले तरी कवेत यायचा नाही. नाव बापाने ठेवलेलं. उतारावरची बाकीची चाळीस झाडं ह्याच्यापुढे माना खाली घालून उभी असतात, असं बाप म्हणायचा, आणि हा बसल्या जागी सगळ्यांहून जास्त गोळा करतो, असंही म्हणायचा. बाकीच्या झाडांना एक नाहीतर दोन बादल्या लागायच्या, बिशपला चार. रात्री कडक गोठलं आणि सकाळी ऊन पडलं, की चारही बादल्या दुपारपर्यंत काठोकाठ.

त्या बादल्या रेजिसने अकरा वर्षांपूर्वी उतरवल्या. झाडाझाडाला निळ्या नळ्या जोडल्या, सगळ्या नळ्या उतारावरून खाली आणल्या आणि गुऱ्हाळाशेजारच्या खोपटात एक पंप बसवला. पंप नळ्यांतली हवा ओढायचा आणि झाडांचा रस दुपटीने खाली यायचा. रोलांदला तो पंप पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. "उद्या टेलिफोनच्या खांबालाही तोटी ठोकशील आणि त्याचाही पाक काढशील," असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि तेव्हा दोघंही हसली होती. बाजारात मिळणाऱ्या नकली पाकाला, साखरेच्या पाण्याला रंग नि वास लावून केलेल्या त्या गिळगिळीत प्रकाराला, सगळा बोस परगणा खांबाचाच पाक म्हणायचा.

मग उतारावरची झाडं पडायला लागली. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन. आतून पोकळ. दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला प्रार्थना संपल्यावर गाव चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत उभं असताना कुणीतरी विचारलं, यंदा तुमचा हंगाम कसा? रोलांद मोठ्याने म्हणाली, "हंगाम कसला? माझ्या भावाने बापाची झाडं शोषून मारली. जळू बरी, ती पोट भरलं की सोडते तरी." सगळ्या गावाने ऐकलं. रेजिसच्या हातात तेव्हा तिच्यासाठी धरलेली छत्री होती. ती त्याने मिटली, मुरिएलच्या हातात दिली आणि एकटाच चालत घरी गेला.

त्या दिवसापासून तो तिच्याकडे रविवारी जेवायला आला नाही. अकरा भावंडांतली रोलांद पहिली आणि रेजिस शेंडेफळ. तो झाला आणि आईने जे अंथरूण धरलं ते धरलंच. त्याला अंघोळी घातल्या, भरवला, शाळेत पोचवला तो अठरा वर्षांच्या रोलांदने. तो तिला नावाने हाक मारायचा नाही, "मोठी" म्हणायचा. मधले नऊ जण मॉन्ट्रियलला नि कुठे कुठे पांगले. राहिला तो हाच. आणि तोही आता तिला "मोठी" म्हणत नव्हता, "तुझी नणंद" म्हणत होता.

"मुरिएल," रोलांद काहिलीवरचा फेस झाऱ्याने बाजूला सारत म्हणाली, "बाप काय म्हणायचा ते सांग ह्याला. भोक आपण पाडायचं, मिटवायचं झाडाने. त्याच्या कामात आपण हात घालायचा नाही. ह्याने पंप लावून झाडाची जखम उघडी ठेवली, वर्षानुवर्षं ओढत राहिला. झाडाने मिटवायचं कधी?"

"तुझ्या नणंदेला सांग, मला बाप बारा वर्षं मिळाला. तिला तीस मिळाला. त्याची वचनं तिनेच पाठ करावीत."

"असं आहे होय! बाप कमी मिळाला म्हणून त्याची झाडं मारायची?"

रेजिसच्या मानेवर लाली चढली. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आणि हेही सांग तिला. हा हंगाम संपला की मी तुझ्या कारखान्यात अर्ज टाकतोय. पुढच्या वसंतात इथे तोट्या ठोकायला मी नसेन. घे म्हणावं तुझी झाडं, तुझा बाप, सगळं उरावर घे."

"रेजिस!" मुरिएल उठून उभी राहिली. "हे कधी ठरवलंस?"

त्याने टोपीवरचा बर्फ झटकला. काहील खदखदत होती. रोलांद पासष्ट वर्षांची होती, गुडघ्यांत वात होता, जाळीचे बूट घालून बर्फातून झाडाझाडापर्यंत जाणं तिला तीन वर्षांपूर्वीच सुटलं होतं. रेजिस गेला तर हे चुलाण पेटणार नाही, हे मुरिएलला कळत होतं आणि रोलांदला तर तिच्याआधी कळलं होतं. पण राग असा काही चढला होता, की त्याच्या वाटेत दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "गळून पडली जळू, बरं झालं. पण आधी ते झाड माझ्यासमोर पाडायचं. आणि पाडल्यावर तोट्यांच्या उंचीवर कापायचं, छातीएवढ्या. ह्याने आत काय करून ठेवलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आणि ह्यालाही दाखवायचंय. एकेक वर्ष मोजून दाखवीन."

तिने कानटोपी चढवली आणि पळी मुरिएलच्या हातात कोंबली. चाळीस वर्षांत तिने चालू काहील दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती.

"मागच्या कप्प्यात रस चार बोटांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. फेस वर आला तर चरबीचा तुकडा नुसता टेकवायचा, बुडवायचा नाही. पुढच्या कप्प्यात पळीवरून पडदा पडला की तोटी उघडायची आणि फेल्टच्या, जाड लोकरी पिशवीतून गाळायचं. एक क्षण इकडे तिकडे झालीस तर करपेल. चाळीस बादल्या रस आटतो तेव्हा एक बादली पाक होतो, ठाऊक आहे ना?"

"वीस वर्षं ऐकतेय," मुरिएल म्हणाली. "आणि त्यात घालायचं काही नसतं, नुसतं पाणी घालवायचं असतं, हेही ऐकतेय. जा आता."

बाहेर एप्रिलचा बर्फ जाड मिठासारखा झाला होता, पाऊल टाकलं की पिंढरीपर्यंत आत जात होतं. उतारावर निळ्या नळ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांतून रस झटके देत खाली येत होता. खोपटात पंप घुमत होता. आणखी आठवडाभराचा खेळ. फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास लागतो आणि मग तोट्या काढायच्या. रेजिसने बिशपच्या चार तोट्या काढल्या, नळ्या गुंडाळून शेजारच्या झाडाला अडकवल्या. हे सगळं तो नीट, सावकाश करत होता. रोलांद दहा पावलांवर हाताची घडी घालून उभी होती.

"मागे हो," तो म्हणाला. मग मुरिएल इथे नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो कुणाला म्हणाला हे ठरवायचं राहूनच गेलं. रोलांद चार पावलं मागे झाली.

करवतीचं यंत्र सुरू झालं. पहिल्यांदा भुसा पांढरा पडत होता. पात्याची वीतभर लांबी आत गेली आणि भुसा तपकिरी झाला, मग काळा, चहाच्या चोथ्यासारखा ओला. रेजिसने यंत्र क्षणभर थांबवलं, भुशाकडे पाहिलं, पुन्हा सुरू केलं. झाडाने पडायला फार वेळ घेतला नाही. एक लांब करकर झाली, फांद्या आभाळात सरकल्या आणि बिशप छपराच्या दुसऱ्या अंगाला, उतारावर, सगळा बर्फ उडवत आडवा झाला.

रोलांद थेट बुंध्याशी गेली आणि सालीवरच्या जुन्या व्रणांवर बुटाची टाच ठेवली.

"इथे."

त्याने तिथे कापलं. ओंडका गडगडत बाजूला झाला आणि कापलेला भाग उघडा पडला. कडेने वीतभर रुंदीचं पांढरं, स्वच्छ लाकूड. आणि आत काळी पोकळी. पाच वर्षांचं पोर लपून बसलं असतं एवढी.

रेजिसने यंत्र बंद केलं. हातमोजा काढला, पोकळीत हात घातला आणि मूठभर काळा भुगा बाहेर काढला. भुगा बोटांतून गळेपर्यंत तो बघत राहिला. त्याचा चेहरा रोलांदने असा एकदाच पाहिला होता, बापाच्या पेटीवर माती टाकताना. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि तिचा हात घट्ट धरून उभा होता.

"बरोबर होतीस तू," तो म्हणाला. "मोठी."

आणि तो वळला आणि खोपटाकडे चालू लागला.

दोन वर्षं ती ह्या वाक्याची वाट बघत होती. ऐकल्यावर काय काय बोलायचं, तेही तिने काहिलीवर उभं राहून शंभरदा घोकलं होतं. आता ते सगळं जिभेवर आलं. पण तो पाठमोरा झाला होता. जाऊ दे, परत येईलच. आला की वर्षं मोजून दाखवू, हे तुझं पहिलं, हे दुसरं. तिने कानटोपीखालून केसांतला आकडा ओढून काढला, गुडघ्यांना शिव्या घालत बर्फात बसली आणि सालीपासून आत मोजायला लागली. एक वलय म्हणजे एक वर्ष.

त्या कापात तीन-चार जुन्या जखमा आल्या होत्या. रेजिसच्या तोट्यांची भोकं बारीक, पेन्सिलीएवढी. तिने आकड्याचं टोक टेकवलं. पाच. आठ. अकरा. भोकाच्या आजूबाजूला तपकिरी रंगाची एक रेघ होती आणि तिच्यावर झाडाने पांढरं लाकूड चढवून भोक मिटवून टाकलं होतं. साफ. दुसऱ्या भोकाचंही तसंच. तिने पुन्हा मोजलं. अकरा वर्षांत कुठे कीड नव्हती, कूज नव्हती.

ती आत सरकली. पंधरा, वीस. इथली भोकं जाड होती, बोटाएवढी. ही तिच्या स्वतःच्या गिरमिटाची, बादल्यांच्या काळातली. तीही मिटलेली. तीस. पांढरं. पस्तीस. पांढरं. छत्तीस, सदतीस.

सदतिसाव्या वलयाच्या पलीकडे आकडा लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

तिने तो काढला नाही. सदतिसाच्या बाहेर सगळं निरोगी होतं आणि सदतिसाच्या आत काहीही उरलं नव्हतं. रेघ इतकी स्वच्छ होती, की कुणी चाकूने ओढावी. जखम झाली त्या वर्षाच्या लाकडाबाहेर झाड कूज येऊ देत नाही, आणि सदतीस वर्षांपूर्वी ती अठ्ठावीस वर्षांची होती.

आणि तिच्या नाकात एकदम तो वास आला. डोळ्यांत पाणी आणणारा, गोळ्यांच्या डब्याचा.

बादल्या-तोट्या विकत गावोगाव फिरणाऱ्या एका विक्रेत्याने तो पत्र्याचा डबा तिला दिला होता. आत पांढऱ्या गोळ्या, डोकेदुखीच्या गोळीएवढ्या. एका भोकात एक घालायची, मग तोटी ठोकायची. भोक लवकर मिटत नाही, रस दोन आठवडे जास्त मिळतो. सगळा जिल्हा घालत होता तेव्हा. बाप म्हणाला होता, आपल्या झाडांत नाही. पण बापाचे गुडघे गेले होते आणि भोकं पाडायचं काम तेविसाव्या वर्षापासून रोलांदकडे आलं होतं. उतारावरच्या झाडांत तिने गोळ्या घातल्या. चोरून. सहा वसंत. एकेकात एक, आणि बिशपच्या प्रत्येक भोकात दोन. बिशप होता ना तो! पहिल्याच वर्षी बाप चर्चच्या पायऱ्यांवर छाती फुगवून सांगत होता, माझा उतार अख्ख्या गावाच्या आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या शेवटी थांबतो. ती मागे उभी राहून ऐकत होती आणि आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

सहाव्या वर्षी डबा तिच्या कोटाच्या खिशातून पडला तो नेमका बापाच्या पायाशी. तो ओरडला नाही. डबा उचलून म्हणाला, "भोक आपण पाडायचं, पोरी. मिटवायचं झाडाने. त्याच्या कामात आपण हात घालायचा नाही." मग उरलेला हंगाम तो तिच्याशी बोलला नाही. जे सांगायचं ते अंथरुणावरच्या आईमार्फत सांगायचा. तुझ्या लेकीला म्हणावं, जाळ वाढव.

पुढे त्या गोळ्यांवर बंदी आली, तेव्हा तिने बातमी वाचली होती. माणसांच्या पोटाला वाईट असणार, एवढंच तिच्या मनात आलं होतं; न मिटलेल्या भोकातून झाडात कूज शिरते, हे नाही. बापाचं वाक्य तिने सदतीस वर्षं जपलं, पण ते कुणाला उद्देशून होतं, तेवढं सोयीने विसरली होती.

खोपटातली घरघर थांबली.

अकरा वर्षांत भर हंगामात ती कधी थांबली नव्हती. झाडांतून एकदम शांतता उतरली. नुसते थेंब वाजत होते. रेजिस खोपटातून बाहेर आला आणि पाय ओढत तिच्यापर्यंत आला.

"बंद केला," तो म्हणाला. "कायमचा. बादल्या माळ्यावर आहेत अजून, मी फेकल्या नव्हत्या." तो थांबला. नाक पुसलं. "पुढच्या वसंतात बादल्या लावू. तू नुसती काहिलीवर उभी राहा, वाहायचं मी बघतो. मुरिएलला सांगतो, अर्जाचं राहू दे म्हणून."

रोलांद बर्फात तशीच बसून होती. आता बोलायचंच काही नव्हतं. नुसतं तोंड मिटून उठलं असतं, तर सगळं आपोआप पदरात पडत होतं: बादल्या, गुऱ्हाळ, भाऊ, रविवारचं जेवण, आणि "मोठी" ही हाक. आकडा ओढून केसांत खोचायचा, बस्स. तिने आकड्याला हातही घातला.

"चालू कर," ती म्हणाली.

"काय?"

"पंप! चालू कर म्हणते, गाढवा! भर दुपारी रस नळ्यांत तापत ठेवतोस? आंबवायचाय?"

तो आ वासून बघत राहिला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कडाडणारा. तिच्याकडे दुसरा आवाज नव्हताच.

"इकडे ये. बस. हा धर आकडा. मोज."

"कशाला मोजू? दिसतंय की."

"तुला काही दिसत नाहीये. मोज!"

तो गुडघ्यावर बसला आणि मोजायला लागला. लहानपणी मोजायचा तसा, ओठ हलवत. अकराशी थांबला, तिच्याकडे पाहिलं. "पुढे," ती म्हणाली. तो पुढे गेला. विसाशी त्याने अंगठ्याने एक भोक पुसून पाहिलं. तिशीनंतर त्याचा वेग कमी झाला.

"सदतीस."

"तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

"दहा."

"तेव्हा भोकं कोण पाडायचं?"

त्याने तिच्याकडे वर पाहिलं.

"मी पाडायची," रोलांद म्हणाली. "आणि भोकात गोळ्या घालायची. विषारी. बापाला चोरून. बिशपला दोन दोन. सहा वर्षं. ह्या अख्ख्या उताराला." तिने श्वास घेतला. "तुझ्या पंपाने काही केलेलं नाही. तुझी भोकं बघ, सगळी मिटलीयेत."

तो उभा राहिला. मानेवरची लाली कानांपर्यंत गेली आणि त्याने चर्चमधल्या सगळ्या भांड्याकुंड्यांची नावं, इकडे शिव्या म्हणून घेतात तशी, एका दमात घेतली, पेला, तबक, देव्हारा, काही म्हणून सोडलं नाही. करवतीच्या यंत्राला अशी लाथ मारली की ते उतारावरून दोन कोलांट्या खात गेलं.

"दोन वर्षं!" तो ओरडला. "दोन वर्षं मला अख्खं गाव जळू म्हणतंय! दुकानात गेलो तरी हसतात! तुझं ऐकून पंपाचा जोर दोनदा कमी केला मी, मुरिएललाही न सांगता. झाडाखाली उभा राहून माफी मागितलीये मी, झाडाची! चोराच्या उलट्या बोंबा म्हणे! कोण चोर? सांग ना, कोण?"

"मी."

"तुझी जीभ झडली कशी नाही त्या पायऱ्यांवर?"

रोलांदने मान खाली घातली नाही. गुडघे धरत ती बर्फातून उठली. कुणी एक शब्द टाकला तर चार परत करायचे, ही तिची आयुष्यभराची रीत. आज ती नुसती उभी राहून घेत होती, हात दोन्ही बाजूंना सोडून.

"रविवारी त्याच पायऱ्यांवर उभी राहून हे बोलशील?"

"बोलेन."

"सगळ्यांसमोर? मोठ्याने?"

"माझा आवाज लहान कधी होता?"

त्याने तोंड फिरवलं. खांदे वरखाली होत होते. पंप बंद असल्यामुळे त्याचा आरडाओरडा खाली गुऱ्हाळापर्यंत गेला होता आणि मुरिएल पळत वर येत होती, उघड्या डोक्याने, हातात अजून ती पळी.

"काय झालं? कोण पडलं? कुणाला लागलं?"

ती एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे, एकदा त्या काळ्या पोकळीकडे बघत राहिली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक खालून वर आली आणि तिच्याबरोबर वास आला, जळक्या साखरेचा. तिघांनाही तो एकदमच आला.

रेजिसने बर्फातला आकडा उचलला, पँटला पुसला आणि मुरिएलच्या हातात दिला. रोलांद दोन पावलांवर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मुरिएल," तो म्हणाला, "हा तुझ्या नणंदेचा आकडा. आणि तिला सांग, काहील करपतेय. जाळ ओढ म्हणावं आधी."

"अगं रोलांद, तो म्हणतोय..." मुरिएल सवयीने म्हणायला लागली.

पण रोलांद गुडघ्यांना न जुमानता उतारावरून खाली पळत सुटली होती. अर्ध्या वाटेत तिला मागे खोपटाचं दार आपटल्याचं ऐकू आलं. पंप एकदा खोकला, थांबला, आणि मग सुरू झाला.